'द क्राऊन' बघून आईने फिलिपला गुन्हेगार ठरवलंय, आता काय करू?

सांजवात

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मालिका जुनी झाली, डिसेंबर २०२३ मध्ये सहावा सीझन येऊन संपली पण, त्यामुळे स्पॉयलरची काळजी न करता लिहिते.

झालं असं की आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती महिनाभर घरात अडकली. मराठी मालिकांना ती आधीच कंटाळलेली, म्हणून मी तिला 'द क्राऊन', ती ब्रिटनच्या एलिझाबेथ राणीवरची नेटफ्लिक्सची मालिका, लावून दिली. आई रिटायर्ड शिक्षिका आहे, इतिहास शिकवायची, त्यामुळे मला वाटलं आवडेल. आवडली म्हणजे काय, साठच्या साठ एपिसोड सबटायटल वाचत संपवले बाईने. आता रोज फोनवर मला राजघराण्याच्या बातम्या देते, जणू काही शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात ती माणसं.

तर परवा राणीच्या नवऱ्याबद्दल म्हणाली, "अगं त्या फिलिपने शाळेत मारामारी केली, म्हणून त्याची सुट्टी रद्द झाली, म्हणून त्याची बहीण विमानात बसली आणि गेली बिचारी. पोटुशी होती गं. बापाने अंत्ययात्रेत सगळ्यांसमोर सुनावलं त्याला, तुझ्यामुळे गेली म्हणून. चुकलंच त्याचं."

मी म्हटलं आई थांब. कारण हा एपिसोड (दुसरा सीझन, नववा) बघितल्यावर मी पण ढसाढसा रडले होते आणि नंतर वाचायला बसले होते. विमान खरं. १६ नोव्हेंबर १९३७, बेल्जियममध्ये ऑस्टेंडजवळ धुक्यात विमान कारखान्याच्या धुरांड्याला धडकलं. ती बहीण, सेसिली, २६ वर्षांची, आठवा महिना चालू, सोबत नवरा, सासू आणि दोन लहान मुलगे, सगळे गेले. अंत्ययात्रेत रस्त्याच्या दुतर्फा नाझी गणवेशातली माणसं होती तेही खरं. पण ते सगळे लंडनला निघाले होते तिच्या दिराच्या लग्नाला! लग्न आधी ऑक्टोबरात व्हायचं होतं, सासरे वारले म्हणून पुढे ढकललं होतं. यात १६ वर्षांच्या फिलिपची मारामारी, शिक्षा, रद्द झालेली सुट्टी यातलं काहीही नाही. बापाने सुनावल्याचंही कुठे काही नाही. हे सगळं लेखकाच्या डोक्यातून आलेलं.

आणि हा एपिसोड आला डिसेंबर २०१७ ला, तेव्हा फिलिप जिवंत होता, ९६ वर्षांचा. म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाला, लहानपणी ज्याची बहीण गेली त्याला, जगासमोर सांगितलं की तुझ्यामुळे गेली. मला हे फार लागलं. तुमचं काय मत? नाट्यासाठी किती मोकळीक घ्यावी माणसाने?

खवचट आजोबा

आधी आईंच्या गुडघ्याची चौकशी. वाकतो का आता? फिजिओ टाळू देऊ नका, मी टाळला आणि भोगतोय.

गुडघ्यावरूनच आठवलं, पहिल्या सीझनमध्ये हाच फिलिप राज्याभिषेकात बायकोसमोर गुडघे टेकायला नाही म्हणतो, त्यावरून केवढं रामायण. तसं घडल्याचा कुठे पुरावा नाही. उलट २ जून १९५३ च्या सोहळ्याची जी समिती होती तिचा अध्यक्ष तोच होता. गुडघे टेकून शपथ घेतली, बायकोच्या गालाला ओठ लावले, झालं. पण नवऱ्याचा इगो दुखावला नाही तर सीन कसा होणार!

बंड्या_नाशिक

डॉक्युमेंटरी बघा मग. ड्रामा आहे ड्रामा, त्यात ड्रामा असणारच. मी तर मस्त चहा घेऊन बघितली, काय ती घरं काय त्या गाड्या, पैसा वसूल. खरं खोटं करत बसायला वेळ कुणाकडे आहे.

लीड्सची मैना

बंड्या, सॉरी पण हा प्रतिसाद लांब होणारेय, चहा परत गरम करून घे.

मी इथे येऊन अकरा वर्षं झाली. तिसऱ्या सीझनमधला ॲबरफॅनचा एपिसोड बघितला तेव्हा मला त्या गावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं हे कबूल करते, म्हणजे मालिकेचं श्रेय मालिकेला. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा दिवस, सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावरचा कोळसाखाणीच्या टाकाऊ मालाचा ढीग (सात नंबरचा, झऱ्यावर रचलेला!) पावसाने सुटला आणि खालच्या पँटग्लास शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. मुलं नुकतीच वर्गात बसली होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वेल्सला गेलो तेव्हा मी हट्टाने गाडी तिकडे वळवायला लावली. कब्रस्तान डोंगराच्या उतारावर आहे, लांबूनच पांढऱ्या कमानींच्या ओळी दिसायला लागतात, एकसारख्या, एकाला एक लागून. आधी वाटतं काहीतरी व्हरांडा वगैरे असेल. जवळ गेलं की कळतं प्रत्येक कमान म्हणजे एक मूल. वयं वाचत गेले, ८, १०, ७, ९, आणि मग माझ्याने पुढे जाववेना. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची, ती खाली गाडीत बाबासोबत बसलेली, मला तिथून ती दिसत होती.

आता मालिकेबद्दल. राणी आठ दिवसांनी गेली, २९ ऑक्टोबरला, हे खरं आहे, आणि ते उशिरा जाणं तिला आयुष्यभर खुपलं असं तिच्या जवळच्या लोकांनीच नंतर सांगितलंय. नवरा मात्र दुसऱ्याच दिवशी पोचला होता. इथपर्यंत ठीक. पण मालिकेत काय दाखवलंय की ती रुमालाने कोरडे डोळे पुसते, कॅमेऱ्यासाठी, आणि मग पंतप्रधान विल्सनला स्वतःच सांगते की मला रडूच येत नाही, माझ्यात काहीतरी कमी आहे. आणि शेवटी एकटी असताना एक अश्रू. काय अभिनय, ऑलिव्हिया कोलमनला दंडवत, पण तिथे हजर असलेल्या लोकांच्या आठवणी वेगळ्या आहेत, त्यांना तिचे डोळे भरलेले दिसले होते. मग हे 'कोरडे डोळे' आले कुठून?

आणि माझा खरा राग दुसराच आहे. चौकशी समितीने दोष स्पष्टपणे राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला होता. त्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबन्स अपघाताची बातमी कळल्यावरसुद्धा आधी एका विद्यापीठाचं कुलपतीपद स्वीकारायच्या समारंभाला गेले, मग गावात. आणि उरलेले ढीग हलवायला सरकारने पैसे कुठून घेतले? लोकांनी अनाथ झालेल्या आईबापांसाठी पाठवलेल्या मदतनिधीतून, दीड लाख पौंड! ते परत मिळाले १९९७ मध्ये, तेही व्याजाशिवाय. यापेक्षा मोठं नाट्य कुठलं पाहिजे? पण एपिसोडचा सगळा जीव कशात, तर राणी रडली की नाही रडली.

(अनाथ हा शब्द आईबापांना लागत नाही हे माहितीये मला, पण दुसरा शब्दच नाही आपल्याकडे.)

रसिका_एम

मैना, कमानींचं वाचून काटा आला.

बंड्या_नाशिक

बरं बाबा चहा खाली ठेवला. हे पैशाचं मला खरंच माहीत नव्हतं.

घारापुरी

मी थोडी विरुद्ध बाजू मांडतो, दिवे घ्या.

लंडनमध्ये पंतप्रधान दर आठवड्याला राणीला भेटायचे, एलिझाबेथच्या काळात बरीच वर्षं मंगळवारी. त्या भेटीत तिसरं माणूस नसतं, टिपणं घेत नाहीत, बाहेर बोलायचं नाही असा संकेत. म्हणजे मालिकेतला निम्म्याहून जास्त मसाला, म्हणजे चर्चिल-राणी, विल्सन-राणी, थॅचर-राणी, या ज्या खुर्च्यांवर समोरासमोर बसून चालतो तिथलं एक वाक्यसुद्धा कुणाकडे नाही. मग लेखकाने करायचं काय? रिकामी खोली दाखवायची? मालिकेचा लेखक पीटर मॉर्गन, त्याचं म्हणणं साधारण असं की कधीकधी तपशील सोडावा लागतो, सत्य सोडायचं नाही. मला पटतं ते.

उदाहरण देतो. पहिल्या सीझनचा नववा एपिसोड. १९५४ मध्ये चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पार्लमेंटने ग्रॅहम सदरलँडकडून त्याचं चित्र काढून घेतलं. चर्चिलला ते अजिबात आवडलं नाही, म्हातारा, थकलेला दिसतो म्हणून, आणि नंतर घरच्यांनी ते जाळून टाकलं. हे सगळं खरं. पण चित्र काढताना दोघांत जे बोलणं होतं, चर्चिल आपल्या बागेतल्या तळ्याची चित्रं पुन्हा पुन्हा का काढतो आणि सदरलँड त्याला त्याच्या गेलेल्या लेकीपाशी नेऊन पोचवतो, ते पूर्ण काल्पनिक. लेक मात्र खरी, मॅरिगोल्ड, १९२१ मध्ये तीन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा गेली. मी तो सीन चार वेळा बघितलाय. त्यात कुणाची बदनामी नाही, कुणावर आरोप नाही, एक माणूस आतून कसा असेल याचा अंदाज आहे. हे खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि गंमत म्हणजे जिथे पुरावा आहे तिथे त्यांनी बदललंय. मालिकेत चर्चिलची बायको क्लेमेंटाइन घराच्या बागेत उभी राहून चित्र जळताना बघते. खरं तर तिच्या सेक्रेटरीने आणि सेक्रेटरीच्या भावाने ते रात्रीतून उचलून भावाच्या घरी नेऊन जाळलं. मला खरं जास्त आवडलं असतं, सेक्रेटरी आणि तिचा भाऊ अंधारात एवढं मोठं चित्र गाडीत घालतायत, काय सीन झाला असता!

फुकटफौजदार

दीडशे वर्षं लुटलं त्यांनी आपल्याला आणि तुम्ही त्यांच्या राणीचे डोळे ओले का कोरडे करत बसलाय. आधी कोहिनूर परत द्या म्हणावं, मग बघू मालिका.

खवचट आजोबा

फौजदार, कोहिनूर मागायला तुम्हीच जा, येताना माझ्यासाठी बिस्किटांचा डबा आणा.

पण मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. १९६१ मध्ये राणी भारतात आली होती, प्रजासत्ताक दिनाची पाहुणी, मग मुंबईलाही आली. मी सात वर्षांचा. वडिलांच्या खांद्यावर बसून रस्त्यावर गर्दीत बघितलेली आठवतेय, हातमोजा हलला आणि गाडी गेली, तीन सेकंद. टोपी पिवळी होती असं मी म्हणतो, माझी थोरली बहीण म्हणते टोपीच नव्हती, यावरून आम्ही साठ वर्षं भांडतोय. तर मालिकेत १९६१ म्हणजे काय, केनेडी नवराबायको आणि घाना. घानात राणी तिथल्या अध्यक्ष एन्क्रुमाबरोबर नाचते आणि जणू त्या नाचाने घाना रशियाच्या हातून निसटतो. नाच खरा आहे, फोटो आहेत. बाकी राजकारण असं एका नाचावर फिरत असतं तर काय पाहिजे होतं. भारताच्या वाट्याला मात्र त्या दौऱ्याचा एपिसोड नाही. काय दाखवलं यावर आपण भांडतो, काय दाखवलंच नाही यावर कोण भांडणार?

रसिका_एम

मला वाटतं खरी फसवणूक कपड्यांनी होते. हसू नका.

मी कॉश्च्यूमच्या क्षेत्रात आहे (नाटकांसाठी, पगार विचारू नका). डायनाच्या लग्नाचा तो २५ फुटी शेल्याचा गाऊन, तो बनवायला मूळ डिझायनरकडून कापाकापीचे नमुने मिळवले होते त्यांनी. आणि दाखवला किती, काही सेकंद, तोही पाठमोरा! म्हणजे जे कुणी धड बघणारही नाही तेसुद्धा अस्सल. बकिंगहॅममध्ये शूटिंगला कोण देणार, म्हणून लँकेस्टर हाऊससारख्या वाड्यांमध्ये केलं, पण तेही इतकं चोख की शंका येत नाही. मग प्रेक्षकाचा मेंदू म्हणतो, ज्यांनी बटण सुद्धा बरोबर लावलंय ते संवाद कशाला चुकीचे लिहितील.

आपल्या मालिकांचं उलट आहे. शिवकाळातल्या स्वयंपाकघरात टोमॅटो दिसला, पॉलिस्टरचा शालू दिसला, तीनदा झूम झालं की आपोआप कळतं की हे नाटक चाललंय. एका अर्थाने जास्त प्रामाणिक 😄

बंड्या_नाशिक

"टोमॅटोने वाचवला इतिहास" 😂😂

लीड्सची मैना

रसिका +१००. मायकेल फेगनचं तसंच. १९८२ च्या जुलैमध्ये तो माणूस खरंच भिंत चढून राणीच्या बेडरूमपर्यंत गेला होता. मालिकेत तो पलंगाशी बसून तिला थॅचरच्या काळातली बेकारी समजावून सांगतो, ती ऐकते, दोन एकट्या जीवांचं हितगुज. खोली, पडदा, पायजमा, सगळं खरं वाटतं. आणि स्वतः फेगननेच सांगितलंय की कसलं बोलणं नि काय, ती त्याच्या बाजूने खोलीबाहेर निघून गेली. माझ्या ऑफिसमधली इंग्रज मुलगी, पंचविशीची, तिला ते बोलणं खरं झालं असंच वाटत होतं. तिचा देश, तिची राणी!

सांजवात

सगळ्यांना थँक्यू, धागा इतका चांगला चालेल वाटलं नव्हतं. आईचा गुडघा वाकतो आजोबा, नव्वद अंश.

घारापुरी, तुमचं चर्चिलचं उदाहरण वाचून मला माझंच म्हणणं जरा नीट कळलं. रिकामी खोली भरायला माझी हरकत नाही. लंडनच्या धुराच्या एपिसोडमध्ये (डिसेंबर १९५२) चर्चिलची ती तरुण सेक्रेटरी बसखाली येते, व्हेनेशिया, ती बाई कधी नव्हतीच. पण त्या धुराने हजारो माणसं खरंच मेली, तेव्हा चार हजार म्हणाले, नंतरचे अंदाज बारा हजारांपर्यंत जातात, आणि त्या हजारोंना एक चेहरा पाहिजे म्हणून व्हेनेशिया. ठीके. त्यावरून चर्चिलची खुर्ची डळमळते ते बनवलेलं आहे, तेही एक वेळ चालवून घेईन.

पण फिलिपच्या बाबतीत खोली रिकामी नव्हती हो. तिथे कारण होतं, दिराचं लग्न, तारखेनिशी. ते पुसून त्या जागी एका पोराचा गुन्हा लिहिला. अंदाज करणं वेगळं आणि असलेलं काढून दुसरं ठेवणं वेगळं. आणि खरी गोष्ट काय कमी होती? ते लग्न दुसऱ्या दिवशी उरकलं, नवरीने काळे कपडे घातले. सेसिलीची एक तान्ही मुलगी घरी राहिली होती म्हणून वाचली, तिला या काका-काकूंनी दत्तक घेतलं, तर दीड वर्षात तीही मेंदूज्वराने गेली. लेखकाला हे सापडलं नसेल असं होणार नाही. पण यात फिलिपचा दोष कुठेच नाही ना, मग पुढे तो आपल्या मुलाशी, चार्ल्सशी, इतका कडक का वागतो त्याचं 'कारण' कसं मिळणार. एपिसोडला कारण हवं होतं म्हणून पोराला गुन्हा दिला.

घारापुरी

मान्य. हे माझ्या मॉर्गनप्रेमाला जरा लागलं पण मान्य.

खवचट आजोबा

जिवंत माणसांचा मुद्दा आहेच. पाचव्या सीझनमध्ये १९९१ साली चार्ल्स पंतप्रधान जॉन मेजरला बोलावून आईला बाजूला करण्याबद्दल आडून आडून बोलतो. मेजर अजून हयात, त्यांनी तडक सांगितलं असं काही घडलं नाही, निव्वळ बनाव आहे. अभिनेत्री जूडी डेंचने 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, की प्रत्येक भागाआधी 'हे काल्पनिक आहे' असं टाका. त्याआधी २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यानेही तेच म्हटलं होतं, तेव्हा नेटफ्लिक्सने साफ नाही सांगितलं. २०२२ मध्ये राणी गेली, वातावरण तापलं, मग ट्रेलरच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आली. ट्रेलरच्या खालचं कोण वाचतं? मी पाकिटावरची एक्स्पायरी वाचत नाही.

यातली मजा अशी की डायनाच्या उलट्यांचे सीन ज्या भागांत आहेत तिथे सुरुवातीला इशारा दिलाय, पाटी टाकून. म्हणजे पाटी टाकता येते!

रसिका_एम

आपल्याकडे तर पाटी असते, केवढी मोठी. आम्ही कुणाच्या भावना दुखावू इच्छित नाही, नाट्यमयतेसाठी स्वातंत्र्य घेतले आहे, वगैरे वगैरे. सुपरफास्ट लोकलसारखी निघून जाते.

लीड्सची मैना

आणि मार्गारेट! मला तिचं जास्त वाईट वाटतं. मालिकेत राणी बहिणीला शब्द देते आणि मग तो मोडते, घटस्फोटित पीटर टाउनसेंडशी लग्न करशील तर सगळं जाईल म्हणून. २००४ मध्ये सरकारी कागद खुले झाले त्यातून दिसतं की १९५५ मध्ये पंतप्रधान ईडन (स्वतः घटस्फोटित!) मार्ग काढत होता, तिने फक्त वारसाहक्क सोडायचा, पदवी आणि तनखा राहील. म्हणजे दार बरंचसं उघडं होतं आणि तरी ती गेली नाही. का गेली नाही? हा प्रश्न केवढा मोठा आहे. प्रेम आटलं होतं, की धर्म आड आला, की राजकन्यापण सुटेना? मालिकेने तो प्रश्नच मिटवून टाकला, ताई वाईट, धाकटी बिचारी, संपलं.

मोडीवाला

वाचत होतो गप्प, आता राहवत नाही.

हे सगळं तुम्ही इंग्रजांबद्दल बोलताय म्हणून सोपं जातंय. आपल्याकडे बखरी काय होत्या? राजांच्या दरबारात काय बोलणं झालं, कोण कुणाला काय म्हणालं, संवादासकट, आणि लिहिणारा कित्येकदा पन्नास-शंभर वर्षांनंतरचा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरींची साल काढली ती याचसाठी, की अस्सल पत्रं एक सांगतात आणि बखर दुसरंच. तरी आपल्या डोक्यात पानिपत कुठलं आहे, पत्रातलं की बखरीतलं? "दोन मोत्यें गळाली" आठवतं सगळ्यांना, ते निदान पत्र होतं म्हणतात, सोडा.

मी एकच विचारतो. 'ध चा मा'. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव अठरा वर्षांचा, गारद्यांनी मारला. खून खरा, रघुनाथरावाचा हात खरा, रामशास्त्र्यांनी त्याला दोषी धरलं. पण 'नारायणरावास धरावे' याचं आनंदीबाईने 'मारावे' केलं, तो कागद कुणी पाहिलाय? मी गेली पंधरा वर्षं मोडी वाचतोय, हौसेने, रविवारी. असा कागद मला कुणी दाखवलेला नाही. आणि मोडीत 'ध' आणि 'मा' एका फटकाऱ्यात बदलतील का हे तुम्ही स्वतः गिरवून बघा, मी बघितलंय, खाडाखोड लपत नाही. पण अडीचशे वर्षं ती बाई कपटाचं दुसरं नाव होऊन बसलीय, मराठीत वाक्प्रचार झाला तिचा. फिलिपचं निदान दोन-पाच वर्षांत कुणीतरी इंटरनेटवर खोडून काढलं. आनंदीबाईकडून कोण बोललं?

नाट्य म्हणून बघा, 'ध चा मा' काय जबरदस्त आहे. एक अक्षर. पीटर मॉर्गनला सुचलं असतं तर त्याने अख्खा सीझन केला असता.

फुकटफौजदार

म्हणजे आनंदीबाई निर्दोष होती असं म्हणायचंय का तुम्हाला? सरळ सांगा.

मोडीवाला

निर्दोष म्हणालो नाही. कटात ती किती होती, नव्हती, हा वेगळा विषय. म्हणालो तो कागद दाखवा.

बंड्या_नाशिक

काका मला वाचवा, धागा कुठून कुठे गेला. पण मी आत्ता ऑफिसमध्ये बसून पेनाने ध चा मा करून बघितला, देवनागरीत तर साफ दिसतं खाडाखोड. बॉसने विचारलं काय करतोयस, मी म्हटलं इतिहास संशोधन.

घारापुरी

मोडीवाला, मोडीत गिरवलेल्याचा फोटो टाका ना इथे, शब्दांवर कोण विश्वास ठेवणार 😉

मोडीवाला

रविवारी टाकतो. बोरू सापडला पाहिजे.

सांजवात

काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला, तासभर लागला, मधेमधे ती टिप्पण्या करत होती. फिलिपचं तिला पटलं, म्हणाली बरं झालं सांगितलंस, मी उगाच त्या माणसाला बोल लावत होते. ॲबरफॅनच्या वेळी काहीच बोलली नाही, फक्त म्हणाली शाळा सुरू व्हायची वेळ होती गं ती. मदतनिधीच्या पैशावर मात्र चिडली, सेवानिवृत्त शिक्षक संघटनेत असल्यासारखी. आजोबांना निरोप, टोपी होती की नव्हती ते जुन्या वर्तमानपत्रात शोधा म्हणे, भांडत काय बसता.

मग मोडीवाल्यांचा प्रतिसाद वाचला. आई एकदम गप्प. मला वाटलं झोप लागली. विचारलं, काय गं?

म्हणाली, "अगं, दरवर्षी फळ्यावर 'धरावे' लिहायचे मी. मोठ्ठं. मग मुलांकडे पाठ करून खडूने हळूच बदलायचे आणि बाजूला व्हायचे. सगळा वर्ग हाऽऽ करायचा."